मुलांशी त्यांच्या भावी व्यवसायाविषयी कसे बोलावे?





आपल्या संघाच्या वार्षिक स्मरणिकेत बाजारभाव, करपद्धती, गोदामव्यवस्था इत्यादी विषयांवर जाणकारांचे लेख दरवर्षी प्रसिद्ध होतात. संपादक मंडळाने यंदा मजकडे धान्याच्या साठवणुकीवर लेख मागितला होता. तो मी लिहिला असता तर सोपे गेले असते. कारण पोत्यात परखी घालून काढलेल्या मूठभर दाण्यांवरून माल किती दिवस टिकेल हे सांगण्यात माझी पन्नास वर्षे गेली आहेत. तथापि गेल्या काही वर्षांत पांढुर्णा, सौंसर आणि आसपासच्या गावांतील जे जे सभासद माझ्या गादीवर येऊन बसतात, ते भावाची चौकशी दोन मिनिटांत आटोपतात आणि मग अर्धा तास एकच गोष्ट बोलतात : "मुलाचे पुढे काय करावे? तो काही बोलतच नाही." हा प्रश्न चण्याच्या भावापेक्षा मोठा आहे असे वाटल्यावरून मी विषय बदलण्याची अनुमती मागितली व मंडळाने ती उदारपणे दिली.

माझे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. शिक्षणशास्त्राचा किंवा मानसशास्त्राचा अधिकार मजपाशी नाही. या विषयात मी चुका केल्या आहेत, आणि त्यांची खतावणी माझ्यापाशी पूर्ण आहे, एवढाच काय तो माझा अधिकार.

१. रुमालाखालचा सौदा

आपल्या व्यापाराच्या इतिहासातील एक गोष्ट तरुण वाचकांस कदाचित ठाऊक नसेल. पूर्वी बाजारात 'हत्ता' पद्धतीने सौदे होत. दलाल आणि खरीददार एकमेकांचे हात रुमालाखाली धरीत आणि बोटांच्या खुणांनी भाव ठरवीत. ज्याचा माल, तो शेतकरी शेजारी उभा असे. परंतु रुमालाखाली काय ठरले हे त्याला शेवटी कळे. यात लबाडीला वाव होता हे उघडच आहे. पण दलाल प्रामाणिक असला तरी मूळ दोष राहतच असे. ज्याच्या मालाचा सौदा, त्याला त्या सौद्यात जीभ नव्हती.

हा प्रकार थांबविण्याची सुरुवात आपल्या शेजारच्या वऱ्हाडातच झाली. कारंजा येथे १८८६ साली कापसाचा नियंत्रित बाजार सुरू झाला आणि १८९७ साली वऱ्हाडासाठी कापूस व धान्य बाजाराचा कायदा आला. पुढे ठिकठिकाणी बाजार समित्या झाल्या, उघड लिलाव आले, हत्ता पद्धत कायद्याने बंद झाली. मध्य प्रदेशात १९७२ चा कृषी उपज मंडी अधिनियम आहे. आज आपण उघड्यावर बोली लावतो आणि त्याचा आपणांस अभिमान वाटतो.

परंतु घरी काय चालते? रात्री मुले झोपली की वडील, काका आणि कधी मामा एकत्र बसतात. थोरल्याने इंजिनियर व्हावे, धाकट्याने गादीवर बसावे, मुलीचे पदवी होताच पाहावे, असे ठरते. हेतू वाईट नसतो. प्रत्येकजण मुलाचेच हित पाहत असतो. पण सौदा रुमालाखालचाच असतो. सकाळी मुलाला फक्त भाव सांगितला जातो. बाजारात जी गोष्ट आपण सव्वाशे वर्षांपूर्वी अन्याय्य ठरविली, ती घरात अजून रीत म्हणून टिकून आहे.

२. माझ्या घरची खतावणी

हे मी दुसऱ्यांकडे बोट दाखवून लिहीत नाही. १९७५ साली मी मॅट्रिकची परीक्षा उत्तीर्ण झालो. चित्रकलेची मला आवड होती. नागपूरला जाऊन चित्रकला-शिक्षकाचे शिक्षण घ्यावे असे मनात होते. निकालाच्या दुसऱ्या दिवशी बाबूजी म्हणाले, "उद्यापासून गादीवर बसायचे." मी "हो" म्हणालो. त्या काळी वडिलांपुढे दुसरा शब्द नव्हता. मला या व्यवसायाने मान दिला, संसार दिला, आपल्यासारखे स्नेही दिले. बाबूजींविषयी माझ्या मनात तक्रार नाही. परंतु एक लहानसे येणे वहीत तसेच राहून गेले : त्यांनी मला विचारले नाही. विचारून शेवटी गादीवरच बसविले असते, तरी ते येणे फिटले असते.

अशा मनुष्याकडून स्वतःच्या मुलाबाबत चूक होऊ नये अशी अपेक्षा असते. माझ्याकडून ती झाली, आणि उलट्या दिशेने झाली. मला सक्तीने गादीवर बसविले गेले होते. म्हणून थोरल्याला गादीपासून सोडविणे हेच माझे कर्तव्य, असे मी मानले. दहावीचे गुण चांगले आले. धाकट्या भावाशी बोलून मी ठरविले की तो इंजिनियर होईल. मी त्याला म्हणालो, "तुझ्यावर सक्ती नाही. पण एवढे गुण मिळवून पोती मोजत बसणार का?" या वाक्यातील पहिला भाग मी स्वतःच्या समाधानासाठी बोललो होतो, मुलाने ऐकला तो दुसरा.

२००१ साली त्याला परराज्यातील एका दूरच्या शहरी शिकवणीसाठी ठेवले. फोनवर मी विचारी ते गुणच. त्याची उत्तरे हळूहळू आखूड होत गेली. दुसऱ्या वर्षीच्या हिवाळ्यात मी न कळविता भेटावयास गेलो. तो खोलीवर नव्हता. टेबलावर भौतिकशास्त्राची वही होती. मी ती सहज उघडली. पुढची पंधरा-वीस पाने गणितांनी भरलेली होती, त्यानंतरची कोरी. परंतु वही उलटी करून मागच्या बाजूने पाहिले तो तेथे तारीखवार रोजमेळ मांडलेला! खानावळीचा जमाखर्च, आणि त्याखाली वर्तमानपत्रातून उतरून घेतलेले चण्याचे, तुरीचे, गव्हाचे भाव. सात महिन्यांत एक दिवस खंड नव्हता.

मी त्या खुर्चीवर बराच वेळ बसून राहिलो. ज्या गादीपासून मी त्याला सोडविले असे समजत होतो, तिची त्याला ओढ होती. आणि हे मला वहीच्या मागच्या पानांवरून कळले, कारण समोर बसून मी ते कधी विचारलेच नव्हते. तो घरी परतला. नागपूरला वाणिज्य शाखेची पदवी घेतली. आज आमची धान्य सफाई व प्रतवारीची यंत्रे आणि गोदामे तोच पाहतो, आणि मजपेक्षा चांगली पाहतो. पण दोन वर्षे गेली. आणि परतल्यावर जवळजवळ वर्षभर तो माझ्याबरोबर जेवावयास बसत नसे. ते नुकसान कोणत्या खात्यावर लिहावे?

कन्येची हकीकत याहून निराळी, पण कमी लाजिरवाणी नाही. ती रसायनशास्त्र घेऊन पदवीधर झाली. घरात स्थळांच्या गोष्टी सुरू झाल्या तेव्हा एके दुपारी ती शांतपणे म्हणाली, "बाबा, दादावर तुम्ही दबाव तरी आणला. मला तर कुणी काही विचारलेच नाही." सक्तीपेक्षाही उपेक्षा अधिक बोचते हे मला त्या दिवशी कळले. ती पुढे शिकली. आज ती नागपुरात अन्न-परीक्षणाच्या प्रयोगशाळेत काम करते. दाणा दाताखाली फोडून मी जो ओलावा अंदाजाने सांगतो, तो ती यंत्रावर दशांशापर्यंत मोजून सांगते. पेढीला तिचा सल्ला आता वरचेवर लागतो.

३. परंपरा काय सांगते?

"आपला धंदा पिढीजात, मुलाने तोच करावा ही परंपरा" असे पुष्कळदा ऐकू येते. म्हणून परंपरेकडेच थोडे पाहू. आचार्य जिनसेनांच्या आदिपुराणात भगवान ऋषभदेवांनी प्रजेस सहा कर्मे शिकविल्याचे वर्णन आहे : असि, मसि, कृषि, विद्या, वाणिज्य आणि शिल्प. म्हणजे शस्त्र, लेखन, शेती, विद्याकला, व्यापार आणि कारागिरी. वाणिज्य हे त्या सहांतील एक, एकमेव नव्हे. आपल्या दोन कन्यांपैकी ब्राह्मीस त्यांनी लिपी शिकविली आणि सुंदरीस अंकविद्या. ज्या समाजाच्या आदिकथेत मुलींना अक्षर आणि अंक वडिलांकडून मिळाले, त्या समाजात मुलीच्या शिक्षणाचा प्रश्न शेवटी निघावा, हे परंपरेला धरून नाही.

अलीकडच्या काळातील उदाहरणेही उद्बोधक आहेत.

सोलापूरचे शेठ वालचंद हिराचंद दोशी यांचा जन्म २३ नोव्हेंबर १८८२ रोजी झाला. घरी सावकारी आणि कापसाचा व्यापार. त्यात त्यांचे मन रमले नाही. रेल्वेतील माजी कारकून फाटक यांच्याशी भागीदारी करून ते रेल्वे-बांधकामाचे कंत्राटदार झाले. पुढे १९१९ साली सिंदिया जहाज कंपनी, १९४० साली बंगळूर येथे विमानांचा कारखाना, १९४१ साली विशाखापट्टणम येथे जहाजबांधणीच्या गोदीची पायाभरणी, ही कामे त्यांच्या हातून झाली. पिढीजात पेढीतून बाहेर पडल्याने घराण्याचा लौकिक कमी झाला असे कोणी म्हणेल काय?

कुंभोजचे कर्मवीर भाऊराव पाटील मॅट्रिकही होऊ शकले नाहीत. त्यांनी शिकवण्या केल्या, ओगले काच कारखान्याच्या आणि किर्लोस्करांच्या मालाची विक्री करीत गावोगाव हिंडले. त्या हिंडण्यातच ग्रामीण मुलांच्या शिक्षणाची दैना त्यांनी पाहिली आणि १९१९ साली रयत शिक्षण संस्था स्थापन केली. वयाच्या विसाव्या वर्षी कोणी त्यांच्या भवितव्याचा हिशेब मांडला असता, तर तो तोट्याचाच निघाला असता. मुलाचा ताळेबंद अकाली काढू नये, हा यातला धडा.

जळगावचे भवरलाल जैन यांचे उदाहरण आपणांस सर्वांत जवळचे आहे. १९३७ साली अजिंठ्याजवळच्या वाकोद गावी त्यांचा जन्म झाला. वाणिज्य आणि कायद्याचे शिक्षण घेतल्यावर त्यांना राजपत्रित सरकारी नोकरीची संधी आली. त्यांनी आईचा विचार घेतला. आईने शेतीशी निगडित, अनेकांच्या उपयोगी पडेल अशा कामाचा विचार त्यांच्यापुढे ठेवला. १९६३ साली कुटुंबाच्या सात हजार रुपयांच्या बचतीवर त्यांनी रॉकेलच्या विक्रीपासून आरंभ केला. पुढे ठिबक सिंचनाच्या कामाने त्यांचे नाव देशोदेशी गेले. येथे ध्यानात घेण्याजोगी गोष्ट अशी की आई गप्प बसली नाही. तिने मत दिले. मत देणे म्हणजे दबाव नव्हे. विचारल्यावर दिलेले, कारणासह दिलेले आणि शेवटचा निर्णय मुलाकडे ठेवून दिलेले मत हा आधार असतो.

आणखी एक उदाहरण अहमदाबादच्या साराभाई घराण्यातील. गिरणीमालक अंबालाल साराभाई यांनी आपली भगिनी अनसूयाबेन यांस १९१२ साली शिक्षणासाठी इंग्लंडला जाण्यास साहाय्य केले. १९१८ च्या गिरणी संपात त्याच अनसूयाबेन मजुरांच्या बाजूने, म्हणजे भावाच्या विरुद्ध, उभ्या राहिल्या. तरी भावा-बहिणीचा स्नेह तुटला नाही. अंबालाल यांचे पुत्र विक्रम यांनी गिरणीऐवजी पदार्थविज्ञान निवडले आणि १९४७ साली अहमदाबादेत भौतिक संशोधन प्रयोगशाळा उभी केली. ज्या घरात मतभेद सोसण्याची सवय असते, त्या घरातील मुले खरे बोलतात.

आमच्याच दर्शनाने जगाला अनेकांताचा विचार दिला. एकाच वस्तूला अनेक बाजू असतात आणि कोणतेही विधान अपेक्षेने सत्य असते, असे आपण प्रवचनात ऐकतो. तो विचार भोजनाच्या पाटावर मुलाच्या वाक्यास लावून पाहावा. "मला दुकानात बसायचे नाही" हे विधान कोणत्या अपेक्षेने केले आहे? व्यापार नको आहे, की काकांच्या हाताखाली बसणे नको आहे, की लहान गाव नको आहे? तिन्हींची उत्तरे वेगळी आहेत.

४. ताण किती द्यावा?

आता कोणी म्हणेल, "मग मुलाला मोकळेच सोडावे काय?" नाही. आपल्या भागातील संत्रा-बागाईतदार बंधूंस हे सांगावयास नको की बहार धरण्यासाठी झाडाला ताण द्यावाच लागतो. पाणी तोडल्याशिवाय फुले येत नाहीत. परंतु हलक्या जमिनीत ताण थोड्या दिवसांचा, भारी जमिनीत अधिक दिवसांचा. शेजाऱ्याने जितके दिवस पाणी तोडले तितकेच आपणही तोडू, असे म्हणणाऱ्याची बाग वाळते. आणि ताण संपल्यावर पाणी द्यावयाचे असते, हे तर विसरताच येत नाही.

अभ्यास वेळेवर करणे, हाती घेतलेले काम पुरे करणे, खर्चाचा हिशेब देणे, हा ताण मुलांस अवश्य असावा. पण आपल्या राहून गेलेल्या इच्छेचा, नातेवाइकांपुढील प्रतिष्ठेचा, चुलतभावाच्या गुणांशी तुलनेचा ताण मुळे जाळतो. चार कषायांपैकी मान हा कषाय पालकांच्या बोलण्यात प्रेमाचा वेष घेऊन येतो, हे मी अनुभवाने सांगतो.

आकडे पाहिले तर गांभीर्य कळेल. २०२४ साली वैद्यकीय प्रवेशाच्या 'नीट' परीक्षेस २३ लाखांहून अधिक विद्यार्थी बसले. एमबीबीएसच्या जागा देशभरात सव्वा लाखाच्या आत होत्या. म्हणजे वीस मुलांपैकी एकोणीस मुलांना ती जागा मिळणार नाही हे परीक्षेपूर्वीच ठरलेले असते. यात त्या एकोणिसांचा दोष नाही. तरी घरी त्यांना दोषी ठरविले जाते. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार २०२२ साली देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्या. प्रत्येकीचे कारण परीक्षा नव्हे. परंतु प्रत्येक आकड्यामागे एक घर आहे. मूल अचानक अबोल झाले, झोप किंवा भूक हरपली, आपल्या वस्तू वाटून टाकू लागले, तर 'नाटक आहे' म्हणू नये. त्याच्याजवळ बसावे, वैद्याकडे न्यावे. सरकारची 'टेली-मानस' ही विनामूल्य दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर अहोरात्र चालते. हा क्रमांक पेढीच्या भिंतीवर, पंचांगाशेजारी लिहून ठेवावा.

५. बोलण्याची रीत

अनुभवाने आणि जाणत्यांच्या सल्ल्याने जी पथ्ये मला पटली, ती क्रमाने देतो.

(१) लवकर आरंभ करावा, पण निर्णयासाठी नव्हे. निकालाच्या दिवशी पहिल्यांदा विषय काढणे म्हणजे पाऊस सुरू झाल्यावर गोदामाचे छप्पर पाहणे. सहावी-सातवीपासून कामांविषयी गप्पा असाव्यात : हे पूल कोण बांधतो, हे औषध कोण तपासते?

(२) एका पोत्यावरून रास पारखू नये. आपण परखी वरच्या, मधल्या आणि खालच्या पोत्यांत घालतो. मुलाचा एका विषयातील एका वर्षाचा गुण हा एका पोत्याचा नमुना होय.

(३) प्रश्न खुला असावा. "तू काय होणार?" या प्रश्नाला मूल आपल्याला आवडेल ते उत्तर देते. त्याऐवजी "या आठवड्यात कोणते काम करताना वेळ कळला नाही?" असे विचारावे, आणि उत्तर येईपर्यंत थांबावे. गिऱ्हाइकासमोर आपण थांबतो. मुलासमोर मात्र घाई करतो.

(४) तीन वाक्ये वर्ज्य मानावीत : "तुझ्या वयात मी…", "लोक काय म्हणतील?" आणि "तुझ्यावर सक्ती नाही, पण…". तिसरे वाक्य सर्वांत घातक, हे वर लिहिलेच आहे.

(५) पैशाची गोष्ट उघड करावी. शिक्षणाला घर किती देऊ शकते, कर्ज किती काढता येईल, धाकट्या भावंडांसाठी किती राखावयाचे आहे, हा हिशेब दहावीनंतर मुलाला स्वच्छ दाखवावा. मर्यादा सांगणे हा दबाव नाही. मर्यादा लपवून नंतर उपकार मोजणे हा दबाव होय.

(६) पाहावयास पाठवावे. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात सहावी ते आठवीच्या मुलांनी दहा दिवस दप्तराशिवाय स्थानिक कारागीर व व्यावसायिकांजवळ काम पाहावे अशी सूचना आहे. शाळेची वाट न पाहता आपणही हे करू शकतो. आपल्या संघात धान्य, कापड, औषधे, लोखंड, संत्र्याची आडत असे अनेक व्यवसाय आहेत. एकमेकांच्या मुलांस सुटीत आठ-आठ दिवस बसू द्यावे. परक्या पेढीवर मूल अधिक शिकते.

(७) गादीही निवडीत ठेवावी. व्यापार हा नापास मुलाचा आसरा आहे असे बोलून आपणच आपल्या व्यवसायाचा अवमान करतो. आजची गादी बाबूजींच्या काळची नव्हे. २००६ चा अन्नसुरक्षा कायदा, २०१६ साली सुरू झालेला ई-नाम बाजार, २०१७ ची जीएसटी करपद्धती, गोदाम पावतीवरील कर्ज, यांमुळे तिला शिकलेला आणि आवड असलेलाच मनुष्य लागतो.

(८) मुलींस तोच प्रश्न, त्याच वयात, त्याच गांभीर्याने विचारावा.

(९) निर्णयाला मुदत आणि परतीची वाट असावी. "एक वर्ष करून पाहा, चैत्रात पुन्हा बसून बोलू" असे ठरवावे. परत फिरणाऱ्यास टोमणा नसावा. माल परत आला तर आपण वाहतुकीचा तोटा सोसतो. मालावर थुंकत नाही.

(१०) आई-वडिलांनी आधी आपसांत बोलावे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या पात्रात पळसाचे झाड उभे असते आणि पांढुर्ण्याच्या व सावरगावच्या अशा दोन्ही काठांवरून गोटे येतात. वडिलांचा एक काठ व आईचा दुसरा, असे झाल्यास मुलाची अवस्था त्या झाडासारखी होते.

भाषेविषयी एक शब्द. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत विदर्भ वेगळा झाला आणि आपला छिंदवाडा जिल्हा मध्य प्रदेशात राहिला. २०२३ साली पांढुर्णा स्वतंत्र जिल्हा झाला. आपली मुले शाळेत हिंदी आणि इंग्रजी, घरी मराठी बोलतात. मनातले, भीतीचे, लाजेचे बोलणे ज्या भाषेत मूल सहज बोलते, त्या भाषेत त्याला बोलू द्यावे.

६. एक संवाद

नमुना दाखविल्याशिवाय माल विकू नये, म्हणून एक संवाद देतो. माझा नातू नववीत आहे. मागील उन्हाळ्यात सूर्यास्तापूर्वीचे जेवण आटोपून आम्ही दोघे ओट्यावर बसलो होतो.

तो म्हणाला, "आबा, मी मोबाईलवरचे खेळ बनवणार आहे. बाबांना सांगू नका."

पूर्वीचा मी असतो तर म्हणालो असतो, "खेळून कुणाचे पोट भरले आहे?" मी विचारले, "बनवणार म्हणजे नेमके काय करणार?"

"गोष्ट मी रचणार. चित्रेसुद्धा."

"आणि यंत्राला समजावून सांगण्याचे काम?"

तो थोडा थांबला. "ते कठीण असते. त्याला गणित लागते."

"गणित तुला आवडते?"

"भूमिती आवडते. बाकीचे नाही."

"बरे. एखादा लहान खेळ या सुटीत पुरा करून मला दाखवशील? मला खेळता आला पाहिजे, एवढीच अट."

तो हसला. मग आपण होऊन म्हणाला, "आणि नाही जमला तर?"

"तर काय जमले नाही ते दाखव. तेही कामाचेच आहे. आणि बाबांना तूच सांग. तो रागावणार नाही. त्याच्याही वहीची मागची पाने मी एकदा पाहिली आहेत."

सुटीअखेर खेळ अर्धाच झाला. परंतु त्यातील चित्रे त्याने स्वतः काढली होती. आमच्याच गोदामाची, पोत्यांच्या थप्प्यांची, थप्पीवर बसलेल्या मांजराची. माझ्या हाताला पन्नास वर्षांपूर्वी जी ओढ होती, ती तिसऱ्या पिढीत अशी न विचारता उगवली होती. तो पुढे काय होईल हे मी जाणत नाही आणि जाणण्याची घाईही नाही. त्याने मला सांगितले, एवढे त्या संध्याकाळपुरते पुष्कळ झाले.

७. समारोप

बंधु-भगिनींनो, आपण व्यापारी. उधारी, तेजी-मंदी, अवकाळी पाऊस, सगळ्यांचा अंदाज बांधतो. पण मूल हा आपला माल नव्हे आणि त्याचे भवितव्य हा आपला सौदा नव्हे. त्यात आपण फार तर विश्वासू दलाल आहोत. माहिती द्यावी, धोका सांगावा, शक्य ते भांडवल द्यावे आणि रुमाल दूर करावा.

क्षमावाणीच्या दिवशी आपण सर्वांना हात जोडून क्षमा मागतो. सहा वर्षांपूर्वी त्या दिवशी मी माझ्या मुलास आणि मुलीस समोर बसवून, "मी तुम्हांस विचारले नाही, याबद्दल क्षमा करा" असे म्हणालो. मुलगी रडली. मुलगा काही बोलला नाही. उठून आत गेला आणि ती जुनी वही घेऊन आला. त्याने ती जपून ठेवली होती. आता ती पेढीत बाबूजींच्या पहिल्या खतावणीशेजारी ठेवली आहे. दरवर्षी वहीपूजनास ती बाहेर निघते.

ज्यांच्या घरी असे एखादे येणे अजून वहीत पडून असेल, त्यांनी यंदाची क्षमावाणी येण्याची वाट पाहू नये. आज संध्याकाळचे जेवण लवकर आटोपावे, मुलाला जवळ बसवावे आणि एक प्रश्न विचारून स्वस्थ ऐकत राहावे, एवढीच या वृद्ध व्यापाऱ्याची नम्र विनंती आहे.